पाठीचे दुखणे आणि विम्याची खाट

पाठीत उसण भरली म्हणजे काय होते, ते ज्याच्या पाठीत ती भरली त्यालाच ठाऊक. सकाळी चूळ भरण्यासाठी वाकलेला धडधाकट मनुष्य तसाच वाकलेला राहतो, आणि हसावे की धावावे हे घरातील मंडळींना क्षणभर कळत नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा वेळी पायाळू माणसाचा शोध होई. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती. त्याहून अधिक बिघडले तर हाडवैद्य होताच. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांत हेच काम करणाऱ्याला पहलवान म्हणतात. आखाड्यात निखळलेले सांधे बसविता बसविता हाताला जे वळण लागले, त्यावरच त्याची पाटी चालते. पायाळू असो, हाडवैद्य असो की पहलवान असो, त्याच्या उपचारात औषध थोडे आणि हत्यार मुळीच नाही. हात आणि वेळ हेच त्याचे भांडवल. त्याचा मोबदलाही तेथल्या तेथे चुकता होई. दुखणाईत आणि उपचार करणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नसे.

आता तो तिसरा आला आहे. दरवर्षी हप्ता घेऊन दुखण्याच्या खर्चाची हमी देणारा आरोग्यविमा मध्ये उभा आहे, आणि कोणता उपचार हा उपचार समजावयाचा व कोणता नाही, हे ठरविण्याचा अधिकार पुष्कळसा त्याच्याकडे गेला आहे.

राजधानीत आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद, गाझियाबाद या नगरांत दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत आणि त्याखेरीज दोन-तीन तास मोटारीत किंवा मेट्रोत काढणाऱ्यांची वसाहतच्या वसाहत आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेली मराठी कुटुंबे एके काळी पहाडगंज आणि करोल बाग या भागांत एकवटलेली होती. पहाडगंजातील नूतन मराठी शाळा ही त्या वस्तीची खूण. त्यांची पुढची पिढी आज द्वारकेपासून नोएडापर्यंत विखुरली आहे. वडिलांनी फायली वाहिल्या, मुले संगणकापुढे बसतात. पाठ दोघांचीही दुखते. आणि हे केवळ दिल्लीचे दुखणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे 2020 साली जगातील सुमारे 61.9 कोटी माणसे कंबरदुखीने त्रस्त होती, आणि माणसाला कामावाचून घरी बसविणाऱ्या कारणांत या दुखण्याचा क्रमांक जगात पहिला आहे.

असा त्रस्त मनुष्य प्रथम गोळ्या घेतो, मग मलम चोळतो, मग कोणीतरी भ्रमणध्वनीवर पाठविलेली एक चित्रफीत पाहतो. तीत एक मनुष्य पालथा निजलेला असतो, दुसरा त्याच्या मणक्यांवर तळवे टेकवून एक क्षणिक झटका देतो, कडकन आवाज होतो, आणि निजलेला मनुष्य सुखावून उठतो. ही कायरोप्रॅक्टिक नावाची पद्धती. दिल्लीत आणि गुरुग्राममध्ये तिचे दवाखाने आहेत. चार-सहा वेळा तेथे जाऊन आल्यावर, पाठ थोडी मोकळी आणि खिसा बराच मोकळा झाल्यावर, पावत्यांची चळत हाती घेऊन तो विचारतो: हे माझ्या विम्यात बसते काय? उत्तर बहुधा नकारार्थी येते. या नकाराची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती कायरोप्रॅक्टिकपुरती मर्यादित नाहीत. ज्या ज्या उपचारास खाटेची गरज नाही, त्या प्रत्येकास ती कमीअधिक लागू पडतात.

या पद्धतीचा जन्म अमेरिकेतील. डॅनिएल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडातील गृहस्थ आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी चुंबकोपचाराचा व्यवसाय करीत असे. 1895 सालच्या सप्टेंबरात त्याने आपल्या इमारतीतील हार्वे लिलार्ड नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा एक मणका हाताने दाबून बसविला, आणि त्या माणसाचे गेलेले श्रवण परत आले, असे त्याने जाहीर केले. पाठीचा मणका आणि कान यांचा असा संबंध आजचे शरीरशास्त्र मान्य करीत नाही. पण पामरने त्या एका प्रसंगावरून सर्व रोगांचे मूळ मणक्यांच्या सरकण्यात आहे असा सिद्धांत उभारला आणि शाळाही काढली. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तिचे नाव बनविले गेले. परवान्यावाचून वैद्यकी केली म्हणून 1906 साली त्याला तुरुंगातही जावे लागले.

तुरुंगापासून विम्यापर्यंतचा या विद्येचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. 1913 साली कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरांना परवाना देण्याचा कायदा केला. सर्वांत शेवटी लुइझियानाने 1974 साली केला. म्हणजे एका देशातील सर्व राज्यांची मान्यता मिळण्यास साठाहून अधिक वर्षे लागली. परवाना आल्यावर पैसा आला. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात 1972 च्या कायद्याने या उपचाराचा समावेश झाला, पण तोही हातचे राखून. मणक्यावर हाताने केलेल्या क्रियेचेच पैसे मिळावयाचे, अन्य कशाचेही नाही. मणका सरकला आहे हे क्ष-किरण चित्राने सिद्ध केले पाहिजे, अशी अट होती. आणि ते चित्र कायरोप्रॅक्टरने काढले तर त्याचा खर्च मात्र विमा देत नसे. दारावर पुरावा मागावयाचा आणि पुराव्याचे पैसे द्यावयाचे नाहीत, हा न्याय 1999 च्या अखेरपर्यंत चालला. उलट दिशेचे उदाहरण कॅनडातील. पामरच्याच जन्मप्रांताने, म्हणजे ऑन्टारिओने, 2004 साली आपल्या सार्वजनिक आरोग्यविम्यातून कायरोप्रॅक्टिक वगळले. एकदा विम्यात शिरलेला उपचार कायमचा आत राहतो असेही नाही.

उपचाराच्या गुणाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पामरचा मूळ सिद्धांत टिकला नाही. मात्र केवळ कंबरदुखीपुरते पाहिले तर मणक्यावरील हस्तक्रियेने काही रुग्णांना माफक आराम पडतो, असे आजचे मत आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने 2017 साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली कंबरदुखीवरील आपल्या मार्गदर्शनात अशा क्रियेला अनेक उपायांपैकी एक म्हणून स्थान दिले. त्याच ओळीत व्यायाम आहे, योग्य समजूत घालणे आहे. तो कडकन होणारा आवाज मणका जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी कमी होऊन त्यात पोकळी उत्पन्न होते, तिचा तो आवाज. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचे प्रसंग विरळा असले तरी नोंदलेले आहेत. अशा हाताखाली मान देण्यापूर्वी त्या हाताने शिक्षण कोठे घेतले हे विचारणे हा उद्धटपणा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली या विद्येच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान 4,200 तासांची अपेक्षा सांगितली आहे. चित्रफिती पाहून आलेल्या हाताची गणना त्यात होत नाही.

भारतात विम्याच्या वाटेवर दोन दरवाजे आहेत. पहिला नोंदवहीचा, दुसरा खाटेचा.

नोंदवहीचा दरवाजा असा. विमापत्रात ‘वैद्यक व्यावसायिक’ या शब्दाची व्याख्या दिलेली असते. एखाद्या राज्याच्या अथवा राष्ट्रीय वैद्यक परिषदेत, किंवा भारतीय चिकित्सापद्धती अथवा होमिओपॅथी यांच्या परिषदेत ज्याचे नाव नोंदलेले आहे, तोच वैद्य. कायरोप्रॅक्टरांसाठी भारतात अशी परिषद नाही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात रीतसर पदवी घेऊन आलेला मनुष्य आणि कालपरवा पाटी लावून बसलेला मनुष्य, हे दोघेही विमा कंपनीच्या दृष्टीने सारखेच अदृश्य. खऱ्या पदवीधराच्या दृष्टीने हा अन्याय आहेच. पण रुग्णाच्या दृष्टीने अधिक गंभीर गोष्ट ही की, दोघांतील भेद ओळखण्याचे साधन त्याच्या हाती नाही.

नोंदवही कशी निर्माण होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईत बालपक्षाघाताची साथ आली. साथ ओसरली, पण लुळे पडलेले हातपाय मागे राहिले. त्यांना पुन्हा चालते करण्यासाठी औषध उपयोगी नव्हते. शिकलेले हात हवे होते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 1953 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. तेथेच तीन वर्षे आधी, 1950 साली, जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली होती. या दोन्ही व्यवसायांतील माणसे पुढे देशभर पसरली, विद्यापीठांनी पदव्या दिल्या, रुग्णालयांनी विभाग उघडले. तरीही त्यांच्यासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेत संमत होण्यास 2021 साल उजाडावे लागले. त्या कायद्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपी आहे, व्यवसायोपचार आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. परळची शाळा आणि दिल्लीचा कायदा यांत पुरती सहा तपे गेली नसली तरी पाच तपे खात्रीने गेली. ज्या विद्येची या देशात मान्यताप्राप्त शाळाच रुजलेली नाही, तिने किती धीर धरावा लागेल याचा अंदाज त्यावरून करता येतो.

बरे, नोंदवहीत नाव असले म्हणजे काम भागते काय? नाही, पुढे खाट आहे. आपल्याकडील सर्वसाधारण आरोग्यविमा हा वस्तुतः रुग्णालयात राहण्याचा विमा आहे. रुग्ण किमान सलग 24 तास दाखल झाला पाहिजे. रुग्णालय कशास म्हणावे, याचीही व्याख्या ठरलेली आहे: दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान 10 खाटा, अन्यत्र किमान 15, अहोरात्र परिचारिका, अहोरात्र वैद्य, स्वतःचे शस्त्रक्रियागृह. भूल देऊन होणाऱ्या आणि नव्या साधनांमुळे 24 तासांच्या आत आटोपणाऱ्या क्रियांना सवलत आहे, पण पाठीवर अर्धा तास हात चालविणे हे त्या सवलतीत येत नाही. म्हणून कंबरदुखीचा रुग्ण नोंदणीकृत अस्थितज्ज्ञाकडे गेला, त्याने लिहून दिले आणि पदवीधर फिजिओथेरपिस्टने वीस दिवस व्यायाम करून घेतले, तरीही तो खर्च सर्वसाधारण विमापत्राबाहेरच राहतो. हाच मनुष्य शस्त्रक्रिया करून घेईल तर रुग्णालयाचे काही लाखांचे देयक मंजूर होण्याची शक्यता असते. आणि त्यानंतर ठराविक दिवसांत, आरोग्य संजीवनी या 2020 सालापासूनच्या प्रमाणित विमापत्रात 60 दिवसांत, त्याच दुखण्यासाठी वैद्याने सांगितलेला पुढील उपचारही सामान्यतः पदरात पडतो. कापले तर पैसे, चोळले तर नाहीत, असा हा व्यवहार दिसतो. विमा कंपन्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. शस्त्रक्रिया झाली की नाही हे पडताळता येते; पाठ किती दुखते आणि वीस दिवस खरोखर कोणी आले काय, हे पडताळणे कठीण. पण पडताळणीच्या सोयीसाठी उपचाराची निवड वाकडी होऊ लागली, तर तो दोष कोणाच्या पाठीवर टाकावयाचा?

मग पळवाटा सुचविल्या जातात. ‘दोन दिवस दाखल व्हा, वजने लावून पडून राहा, म्हणजे सगळे विम्यात बसेल,’ असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक शहरात भेटतात. या वाटेवर खड्डा आहे. वगळावयाच्या गोष्टींची जी प्रमाणित यादी विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरवून दिली, तीत केवळ सक्तीच्या विश्रांतीसाठी घेतलेला प्रवेश स्पष्टपणे वगळला आहे. रुग्ण खाटेवर पडून राहिला, गोळ्या घेतल्या, चित्रण झाले आणि घरी गेला, एवढेच कागदावर दिसले की दावा नामंजूर होतो. आणि त्या खाटेचे भाडे पदरमोड करून भरावे लागते ते निराळेच. परिणामकारकतेचा पुरेसा वैद्यकीय आधार नसलेले उपचार हेही त्याच यादीत आहेत. शिवाय प्रमाणित विमापत्रात मणक्याची चकती सरकणे व पाठीच्या कण्याचे विकार यांना, अपघात सोडून, 24 महिने थांबावे लागते. पाठ दुखू लागल्यावर विमा घेऊ म्हणणारा मनुष्य विहीर खणण्यास निघतो तेव्हा घराला आग लागलेली असते.

खाटेचा नियम किती चमत्कारिक ठिकाणी नेऊन पोहोचवितो, हे आयुर्वेदाच्या बाबतीत दिसते. प्राधिकरणाने जानेवारी 2024 मध्ये असे सांगितले की, आयुष पद्धतींचे उपचार अन्य उपचारांच्या बरोबरीने धरावेत. 1 एप्रिल 2024 पासून हा दंडक लागू झाला. आयुष रुग्णालयाला 5 खाटाही पुरतात. त्यामुळे दिल्लीतील गृध्रसीच्या रुग्णास, म्हणजे ज्याच्या कमरेतून कळ निघून पायात उतरते त्यास, नोंदणीकृत वैद्याने गरज आहे म्हणून दाखल करून कटिबस्ती, स्नेहन, स्वेदन हे उपचार केले तर त्याचा दावा रीतसर विचारात घेतला जाऊ शकतो. दिल्लीच्या सरिता विहार भागात 2017 साली राष्ट्राला अर्पण झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानासारख्या सरकारी संस्थेत हे उपचार होतात. येथेही हातच आहेत, तेल आहे, वेळ आहे. पण या हातांच्या मागे परिषद आहे आणि रुग्णाच्या खाली खाट आहे. कायरोप्रॅक्टरकडे दोन्ही नाहीत. फिजिओथेरपिस्टकडे एक आहे. पाठीला मात्र यांतले काहीच ठाऊक नसते.

खाटेवाचून उपचार देणारी व्यवस्था भारतात निर्माणच झाली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ती झाली, आणि तिची सुरुवात दिल्लीनेच पाहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम 1943 च्या मार्चमध्ये सोपविण्यात आले. त्यांनी 1944 च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली या दोन ठिकाणी योजना एकाच वेळी सुरू झाली; दोन्ही मिळून आरंभीचे कामगार 1,20,000. या विम्यात प्रथम दवाखाना येतो, खाट नंतर. कामगार आपल्या वेतनातून अल्प वाटा देतो, मालक मोठा देतो, 2019 पासून अनुक्रमे पाऊण टक्का आणि सव्वातीन टक्के. आणि कामगाराची पाठ धरली तर तो दवाखान्यात जातो, तेथून बसई दारापूर, ओखला, झिलमिल, रोहिणी, नोएडा किंवा फरीदाबाद येथील विमा रुग्णालयात पाठविला जातो. पावतीचा प्रश्नच नाही, कारण पैसे मागितले जात नाहीत. एवढेच नव्हे, तर वैद्याने काम करण्यास असमर्थ ठरविल्यास वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. पाठीच्या दुखण्यात औषधाइतकीच रजेची गरज असते, आणि हमालाला किंवा यंत्रावर उभे राहणाऱ्याला बिनपगारी रजा परवडत नाही. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीतील मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याचे लाखो रुपयांचे विमापत्र ही गोष्ट देत नाही. मानेसर किंवा ओखल्याच्या कारखान्यातील मुलाचे साधे विमा-ओळखपत्र ती देते. रांगा लांब असतात, यंत्रे बंद असतात, तज्ज्ञाची तारीख दूरची मिळते, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरी कल्पना म्हणून पाहिले तर 1944 चा अहवाल आजच्या विमापत्रांपेक्षा दुखणाइताच्या अधिक जवळ होता.

दुसरी व्यवस्था केंद्र सरकारच्या नोकरांची. 1 जुलै 1954 रोजी, राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री आणि चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, दिल्लीत वर्गणीच्या तत्त्वावर ती सुरू झाली. आज ती केंद्रीय सरकारी आरोग्य योजना म्हणून देशभर आहे, आणि दिल्लीतील कित्येक निवृत्त मराठी कुटुंबे महाराष्ट्रात परत न जाण्याचे एक कारण तिचा दवाखाना हेच आहे. वर्गणी वेतनश्रेणीप्रमाणे 2017 सालच्या दरपत्रकात महिना 250 ते 1,000 रुपये. येथेही खाटेवाचून उपचार मिळतो. दवाखान्यातील वैद्य तज्ज्ञाकडे पाठवितो; सत्तरी ओलांडलेल्यांना थेट तज्ज्ञाकडे जाता येते. शेक, वजने, विद्युतोपचार, व्यायाम यांचे दर योजनेच्या सूचीत आहेत. सांधा बदलल्यानंतर किंवा पक्षाघातानंतर तज्ज्ञाने सांगितल्यास काही आठवडे घरी येऊन व्यायाम करवून घेण्याचीही तरतूद आहे. आयुर्वेद व होमिओपॅथीचे स्वतंत्र दवाखाने आहेत. ज्याचे नाव सूचीत नाही ते मात्र येथेही नाही. दरसूचीत ओळ नसलेल्या उपचाराची पावती घेऊन गेलेल्या निवृत्त उपसचिवालाही खिडकीवर तेच उत्तर मिळते, जे द्वारकेतील विमेदाराला मिळते.

ज्यांना यांपैकी कोणतेही छत्र नाही, त्यांनी विमापत्र घेताना पाहण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या विक्रेत्याने पुढे केलेल्या रंगीत पत्रकात नसतात. बाह्यरुग्ण खर्चासाठी निराळी रक्कम आहे काय. असल्यास फिजिओथेरपीच्या किती फेऱ्या. ‘वैद्यक व्यावसायिक’ या व्याख्येत कोण येतो. आणि मणक्याच्या विकारांना किती महिने थांबावे लागते. गुरुग्राम-नोएडातील कंपन्यांच्या सामुदायिक विम्यात अशी बाह्यरुग्ण रक्कम कधी कधी असते. परदेशी मुख्यालयातील सहकाऱ्याला कायरोप्रॅक्टरच्या फेऱ्या मिळतात म्हणून आपल्यालाही मिळतील, असे मात्र गृहीत धरू नये. विमा ज्या देशातील, व्याख्या त्या देशातली. उपचार घेण्यापूर्वी कंपनीस लेखी विचारणे आणि लेखी उत्तर जपून ठेवणे, याहून स्वस्त सावधगिरी नाही.

अन्यायाने दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे तक्रार करावयाची. महिन्याभरात उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. येथे राजधानीच्या परिसराची एक गंमत आहे. दिल्ली, गुरुग्राम आणि फरीदाबाद येथील रहिवाशाचा लोकपाल दिल्लीत; नोएडा आणि गाझियाबाद येथील रहिवाशाचा नोएडात. यमुना ओलांडली की दार बदलते. मात्र कायरोप्रॅक्टरच्या पावतीसाठी लोकपालाची पायरी चढणाऱ्याने फार आशा बाळगू नये. विमापत्रात जे लिहिले आहे ते मिळवून देणे हे त्याचे काम. जे लिहिलेलेच नाही ते तो देऊ शकत नाही.

भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी कुटुंबांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उतार मोठा आहे. तरी उरलेल्या खर्चात पाठदुखीसारख्या, मरणाला न नेणाऱ्या पण जगणे वाकवून टाकणाऱ्या दुखण्यांचा मोठा भरणा असणार, हे दवाखान्यांसमोरच्या गर्दीवरून ओळखता येते.

नवी दिल्लीत, आयकर कचेरीच्या चौकापासून जवळच, पंडित पलुस्करांच्या नावाचा विष्णु दिगंबर मार्ग आहे. त्यावरील चार क्रमांकाच्या आवारात शारीरिक विकलांगांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्था आहे. 1976 सालापासून ती केंद्र सरकारच्या छत्राखाली स्वायत्तपणे चालते. तेथे फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार शिकविले जातात, आणि शिकविले जातात म्हणून रुग्णांवर ते रोज केलेही जातात. शुल्क नाममात्र. कोणी व्हीलचेअरवर येतो, कोणी मुलाच्या खांद्यावर हात टाकून, कोणी कमरेला पट्टा बांधून. विमापत्र कोणी विचारत नाही. चिठ्ठी घ्यावयाची आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत बाकावर बसावयाचे. ज्यांची पाठ फारच दुखते ते उभे राहतात.